निरुद्योगी हातांस काम : कायद्याची हमी आणि दात्यांचें कर्तव्य



वर्गणीसाठीं आम्ही आपल्या दारीं येतों, तेव्हां एक प्रश्न बहुतेक ठिकाणीं विचारला जातो. सरकारनें काम देण्याची हमी घेतली आहे, शिधापत्रिकेवर धान्य मिळतें, मग आमच्या पैशाची गरज कोणास? प्रश्न रास्त आहे. ज्यानें द्रव्य कष्टानें मिळविलें, त्यास तें कोठें जातें व कां जातें हें विचारण्याचा अधिकार आहे. म्हणून जमाखर्चाचा तपशील या पुस्तिकेंत अन्यत्र देऊन येथें केवळ या एका प्रश्नाचें उत्तर देण्याचें आम्ही योजिलें आहे.

उत्तर थोडक्यांत असें आहे. काम देण्याचें ओझें सरकारचें आहे आणि तें सरकारवरच राहिलें पाहिजे. तेवढें द्रव्य कोणत्याही गांवच्या समितीजवळ असणें शक्य नाहीं. परंतु मजुरानें काम मागितल्याच्या दिवसापासून पहिली मजुरी त्याच्या हातीं पडेपर्यंत जो काळ जातो, त्या काळांत त्याची चूल पेटती ठेवील अशी पुरेशी तरतूद कायद्यांत नाहीं. ती जागा दात्यांची आहे. हें कसें, तें आतां क्रमानें सांगतों.

दुष्काळ धान्याचा कीं मजुरीचा?

बोरी अरब हें दारव्हा तालुक्यांतील अडाण नदीकांठचें गांव. भोंवतालची जमीन काळी व कपाशीस मानवणारी. यवतमाळाहून दारव्ह्यावरून मूर्तिजापुरास जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत घातली गेली, ती मुख्यत्वें कापूस वाहून नेण्यासाठींच. गाडी आतां बंद पडली आहे. परंतु या भागांतील मजुराचें वर्ष अद्यापही पिकांच्याच वेळापत्रकावर चालतें. मृगापासून पेरणी, डवरणी व निंदण. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची काढणी. त्यापुढें कापसाची वेचणी व तुरीची कापणी. एकदां कपाशीची उलंगवाडी झाली कीं पुढील मृगापर्यंत कोरडवाहू शेतांत मजुरास फारसें काम उरत नाहीं. जेथें विहिरीस पाणी आहे तेथें गहूं-हरभऱ्यावर कांहीं हात लागतात, पण ते थोडे.

साधारण वर्षीं हे रिकामे महिने मागील कमाईवर व उधारीवर कसेबसे निघतात. पावसानें ओढ दिली, म्हणजे हिशेब बिघडतो. बोंडें कमी धरतात, वेचणी लौकर आटोपते, निंदणाच्या पाळ्या घटतात, आणि रिकामे महिने वाढत जातात. अशा वर्षीं जमीनदाराचें नुकसान मोठें होतें हें खरें. परंतु त्याजवळ जमीन राहते, कर्ज काढण्यास पत राहते. व्यापाऱ्याचा माल दुकानांत पडून राहिला तरी तो उद्यां विकतां येतो. मजुराजवळ विकण्यास दिवसाचे श्रम असतात, आणि आजचा दिवस विकला गेला नाहीं तर तो उद्यांसाठीं कोठींत भरून ठेवतां येत नाहीं.

यावरून दुष्काळाचें खरें स्वरूप ध्यानांत येईल. बाजारांत धान्य नाहीं म्हणूनच माणसें उपाशी राहतात असें नव्हे. धान्य असूनही तें विकत घेण्याइतकी मजुरी मिळत नाहीं म्हणूनही तीं उपाशी राहतात. १९४३ सालीं बंगाल्यांत जो घोर दुष्काळ पडला, त्याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनीं १९८१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत केला आहे. त्या वर्षीं बंगाल्यांतील धान्य कांहीं मागील वर्षांच्या मानानें इतकें तुटलेलें नव्हतें कीं त्यायोगें एवढा संहार व्हावा. परंतु भाव भडकले, शेतमजूर, कोळी व कारागीर यांची कमाई त्या भावास पुरेना, आणि त्यांच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ३० लक्ष माणसें मेलीं. तेथील सरकारनें दुष्काळ-संहितेप्रमाणें दुष्काळ जाहीरच केला नाहीं. त्यामुळें संहितेंत सांगितलेलीं कामेंही त्या रीतीनें निघालीं नाहींत. हातास काम व कामास मजुरी हेंच दुष्काळावरील पहिलें औषध कां, तें या एका उदाहरणावरून दिसून येईल.

पूर्वींची रीत

दुष्काळांत कामें काढण्याची कल्पना आजची नव्हे. १७८४ च्या दुष्काळांत अवधचा नबाब असफउद्दौला यानें लखनौचा मोठा इमामबाडा बांधण्यास काढून हजारों लोकांस पोसलें, हें प्रसिद्ध आहे. परंतु अशीं कामें राजाच्या मर्जीवर असत. मर्जी झाली तर काम, नाहीं तर देशांतर.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत सरकारी कामें मोठ्या प्रमाणावर निघालीं. पण खर्च आटोक्यांत ठेवण्यासाठीं सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुरीचें मान एक रत्तल धान्य व वर एक आणा येथवर खालीं आणलें, आणि लोकांस घरापासून दूरच्या कामांवर जाण्यास सांगण्यांत आलें. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसास एक रत्तल धान्य पुरत नाहीं, हें सांगण्यास वैद्य नको. १८७७ च्या आरंभीं दख्खनांतील हजारों मजुरांनीं हीं कामें सोडून दिलीं, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली.

या अनुभवानंतर १८८० च्या दुष्काळ-आयोगानें नियम सुचविले आणि १८८३ मध्यें दुष्काळ-संहितेचा मसुदा तयार झाला. तिचीं मुख्य तत्त्वें तीन होतीं. धडधाकट माणसास काम व मजुरी. म्हातारे, पांगळे व आजारी यांस गांवींच धान्याची मदत. आणि मुलांच्या अन्नाची वेगळी सोय. दुष्काळ खरोखर आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं आधीं चाचणीचीं कामें काढीत. तेथें लोकांची गर्दी झाली, तर विपत्ति खरी असें मानीत. १८९६ व १८९७ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’तून ही संहिता लोकांस समजावून सांगितली, व संहितेनें जें देऊं केलें आहे तें निर्भयपणें मागा असा उपदेश केला.

पुढें १८९९ व १९०० चा दुष्काळ वऱ्हाडावरही कोसळला. तेव्हां आपल्या जिल्ह्याचें नांव वणी जिल्हा असें होतें; यवतमाळ हें नांव १९०५ सालीं पडलें. त्या वर्षींही संहितेच्या धर्तीवर कामें व धर्मार्थ मदत देण्यांत आली. परंतु संहितेचें एक उणें होतें. दुष्काळ आहे असें सरकारनें म्हटल्यावांचून तिचा उपयोग सुरू होत नसे. मजूर उपाशी असला तरी जोंवर जिल्ह्यावर दुष्काळाचा शिक्का बसत नाहीं, तोंवर त्याला काम मागण्याचा अधिकार नव्हता. बंगाल्यांत हेंच उणें प्राणघातक ठरलें.

मर्जीपासून हक्काकडे

हें उणें दूर करण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो, आणि त्यांत आपल्या जिल्ह्याचाही अंश आहे. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत एक प्रयोग करविला. जो काम मागेल त्यास त्याच्याच भागांत उपयुक्त काम द्यावें, असा त्या प्रयोगाचा गाभा होता. त्या वेळीं मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्याच जिल्ह्यांतील पुसद तालुक्याच्या गहुली गांवचे. त्यांनीं या कल्पनेस राज्याच्या कारभारांत जागा दिली, आणि १९७२ सालीं रोजगार हमी योजना राज्यासाठीं मुक्रर झाली.

त्याच सुमारास महाराष्ट्रावर मोठें अवर्षण आलें. पश्चिम महाराष्ट्र व मराठवाडा येथें पिकें सलग बुडालीं. खडी फोडणें, नाला-बंडिंग, पाझर तलाव, रस्ते अशीं कामें जागोजाग उघडण्यांत आलीं, आणि मे १९७३ मध्यें त्यांवरील मजुरांची संख्या सुमारें ५० लक्षांपर्यंत पोंचली. परदेशांतून आलेला मिलो व कामावर वांटलेली सुकडी अजून वृद्धांच्या आठवणींत आहेत. लोकांचे हाल पुष्कळ झाले, गुरें गेलीं. परंतु पूर्वींच्या मोठ्या दुष्काळांप्रमाणें माणसांचा संहार झाला नाहीं. जगांतील अभ्यासक दुष्काळ-निवारणाच्या चर्चेंत या वर्षांचा दाखला देत असतात.

यानंतर १९७७ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें रोजगार हमीचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. त्यांतील नवी गोष्ट ही कीं, दुष्काळ जाहीर होवो वा न होवो, ग्रामीण भागांतील प्रौढ माणसानें अंगमेहनतीचें काम मागितलें असतां तें देणें हें सरकारचें कर्तव्य ठरलें. न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा. उपकाराचा हक्क झाला.

द्रव्य कोठून आलें, हें व्यापारी वर्गानें विशेष जाणावें. १९७५ मध्यें राज्यांत व्यवसाय-कर बसविण्यांत आला, तो या योजनेसाठींच. नोकरदार, वकील, वैद्य व व्यापारी यांजकडून जमा होणारा हा कर आणि आणखी कांहीं कर यांचा एक निधि केला, व राज्यानें आपल्या तिजोरींतून तितकीच भर घालावी असें ठरलें. अर्थात् शहरांतील कमाईचा एक वांटा खेड्यांतील रिकाम्या हातांकडे वळविण्यांत आला. व्यापाऱ्यांनीं तो कर भरला आहे. त्याचें चीज व्हावें हें पाहण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.

कायद्याची घडण

महाराष्ट्राचा हा अनुभव पुढें साऱ्या देशाच्या उपयोगीं पडला. २००५ सालीं संसदेनें राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. त्यानें प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षांतून १०० दिवस कामाची हमी दिली. महाराष्ट्रानें आपला जुना कायदा सुधारून १०० दिवसांपुढील कामाचा भार स्वतः उचलला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी, कामावर निदान एक-तृतीयांश स्त्रिया, खर्चाचा निदान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर, ठेकेदारास मज्जाव, कामाच्या जागीं पिण्याचें पाणी, सावली, औषधाची पेटी व लहान मुलांस सांभाळण्याची सोय, असे त्याचे नियम होते. पांच किलोमीटरपलीकडे काम दिल्यास मजुरी दहा टक्के अधिक द्यावयाची होती. १८७७ च्या मजुरांनीं ज्या गोष्टींसाठीं कामें सोडलीं, त्यांपैकीं अनेक या नियमांत उतरल्या आहेत.

डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यांत दिवसांची संख्या १२५ केली असून पेरणी व कापणीच्या ऐन हंगामांत वर्षांतून एकूण ६० दिवसांपर्यंत कामें थांबविण्याची तरतूद आहे. काम मागितल्यापासून १५ दिवसांत तें न मिळाल्यास बेकारभत्ता, हें तत्त्व तेथेंही ठेविलें आहे.

आतां या मुदतींकडेच आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. कारण आमच्या विनंतीचें मूळ तेथेंच आहे.

छत्तीस दिवसांचा हिशेब

समजा, एका मजुरानें १ एप्रिल रोजीं काम मागितलें. २००५ च्या कायद्यानें घातलेल्या मुदतीच हिशेबास घेऊं, व सर्व कांहीं मुदतींत झालें असें धरूं. काम १६ एप्रिलास सुरू होईल. सात दिवसांचा हजेरीपट २२ एप्रिलास बंद होईल. त्यापुढें १५ दिवसांनीं, म्हणजे ७ मे रोजीं, पहिल्या आठवड्याची मजुरी खात्यांत पडेल. काम मागितल्यापासून हे ३६ दिवस झाले. यांत कोणाचाही आळस नाहीं, कोणाचीही लबाडी नाहीं. कोणी एका कागदासही विलंब लाविलेला नाहीं. विलंब झाला तर दिवस आणखी वाढतील.

आणि मजूर काम मागावयास येतो केव्हां? घरांतील धान्य संपत आलें म्हणजे. ज्याच्या घरीं ३६ दिवसांचा सांठा आहे तो सहसा खडी फोडण्यास येत नाहीं.

पांच माणसांच्या कुटुंबास माणशीं ४०० ग्राम धान्य धरलें, तर दिवसास २ किलो लागतें. ३६ दिवसांस ७२ किलो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें प्राधान्य कुटुंबास दरमहा दरमाणशीं ५ किलो धान्य मिळतें. पांच माणसांस २५ किलो, म्हणजे या मुदतींत अदमासें ३० किलो. बाकी तूट ४२ किलोंची. त्यावर डाळ, तेल, मीठ-मिरची व एखादें औषधपाणी. एका कुटुंबाचें जगणें आणि उखडणें यांमध्यें जें अंतर आहे, तें इतकेंच आहे. वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं एका लग्नाच्या पंगतींत याहून अधिक अन्न पानांत टाकलें जातें.

ही तूट भरून निघाली नाहीं तर मजूर काय करतो, तें या भागांत कोणास सांगावयास नको. तो उसाच्या टोळीच्या किंवा वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतो. उचल घेतली कीं पुढील काम, मजुरीचा दर व परत येण्याचा दिवस यांतील कांहींही त्याच्या हातीं राहत नाहीं. बायको बरोबर जाते, मुलें बरोबर जातात, शाळा सुटते. किंवा तो शेळी विकतो; आणि ज्या आठवड्यांत सर्वच विकावयास निघतात त्या आठवड्यांत शेळीस मोल येत नाहीं. किंवा तो पुढील हंगामाची मजुरी आजच अर्ध्या दरानें गहाण टाकतो. कांहीं दिवसांनीं काम उघडतें, तेव्हां त्याच्या घरास कुलूप असतें. मग लोक म्हणतात, कामें काढलीं तरी मजूरच येत नाहींत.

यांत समाधानाची गोष्ट एक आहे. ही तूट एका कुटुंबास साधारणतः एकदांच येते. पहिली मजुरी हातीं आली, म्हणजे पुढील आठवड्यांच्या मजुऱ्या एकामागून एक येऊं लागतात. यास्तव येथें लागणारें साहाय्य बहुतांशीं परत येणारें आहे. आज एका कुटुंबास दिलेलें धान्य तें कुटुंब मजुरी सुरू झाल्यावर फेडूं शकतें, आणि तेंच धान्य दुसऱ्यास देतां येतें. दात्याचा एक रुपया एकाच मोसमांत दोन वेळां उपयोगीं पडावा, अशी जागा दानधर्मांत विरळा सांपडते.

कांहीं आक्षेप

पहिला आक्षेप असा कीं, अशा मदतीनें लोक आळशी होतात. यावर आमचें म्हणणें इतकेंच कीं, हमीचें काम अंगमेहनतीचें असतें व मजुरी बहुधा मोजमापावर ठरते. जितकी माती खणली तितका पैसा. वैशाखाच्या उन्हांत माती खणण्यास आळशी माणूस येत नाहीं. मजुरी बेताची व काम कष्टाचें ठेवण्यांत हेतु हाच असतो कीं, ज्यास खरोखर गरज आहे त्यानेंच यावें. आमची उसनवारही ज्यानें काम मागितलें आहे त्यासच द्यावयाची, म्हणजे तीही कष्टास बांधलेली राहते.

दुसरा आक्षेप जमीनदारांचा. हमीच्या कामांमुळें शेतास मजूर मिळत नाहीं व मिळाला तर महाग पडतो. यांत तथ्यांश आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हीं कामें मुख्यत्वें उन्हाळ्यांत, शेत रिकामें असतांना निघावयाचीं असतात, आणि त्याच महिन्यांत मजूर टोळींत निघून गेला तर तो मृगास परत येईलच असा भरंवसा नाहीं. उन्हाळाभर गांवांत राहिलेला मजूर पेरणीस दाराशीं असतो. शिवाय नाल्यावरील बांध, शेततळें, विहीर व पांदण रस्ता हीं कामें कोणाच्या शेतास उपयोगीं पडतात? बांधामागें जिरलेलें पाणी जमीनदाराच्याच विहिरींत उतरतें, आणि पांदण झाली तर त्याचाच कापूस चिखलांतून बाहेर निघतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. हजेरीपटावर खोटीं नांवें लागतात, माणसांचें काम यंत्रांकडून उरकून घेतात, व कामें कागदावर होतात. असे प्रकार ठिकठिकाणीं घडले आहेत हें सर्वश्रुत आहे. परंतु त्यावर उपाय काम बंद करणें हा नव्हे. विहिरींत गाळ सांचला म्हणून कोणी विहीर बुजवीत नाहीं. हजेरीपट ग्रामसभेंत मोठ्यानें वाचला जावा, कामाचें मोजमाप मजुरांच्या देखत व्हावें, आणि गांवांतील चार जाणत्या माणसांनीं आठवड्यांतून एकदां कामावर जाऊन डोकीं मोजावीं. जेथें प्रतिष्ठित गृहस्थ असें लक्ष घालतात, तेथें खोटें नांव लावणारा कचरतो. वर्गणी देण्यापेक्षांही हें साहाय्य मोठें आहे, व त्यास पैसा लागत नाहीं.

जे काम करूं शकत नाहींत

हमी काम मागणाऱ्यासाठीं आहे. जो काम करूंच शकत नाहीं, त्यास तिचा उपयोग नाहीं. एकटी म्हातारी, अंध, पांगळा, दीर्घ आजारी, नुकतीच बाळंत झालेली मजूर स्त्री, यांच्यासाठीं जुन्या संहितेंतही वेगळी व्यवस्था होती. महाराष्ट्रांत १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. परंतु तिलाही अर्ज, दाखले व मंजुरी लागते, आणि अवर्षणाच्या वर्षीं या माणसांस पोसणारे शेजारीपाजारी स्वतःच अडचणींत असतात. यांस दिलेलें धान्य परत येणारें नाहीं. तें निखळ दान आहे, व तसेंच तें मानिलें पाहिजे. म्हणून आम्ही वर्गणीचे दोन भाग वेगळे ठेवितों. एक उसनवारीचा, दुसरा धर्मार्थ. दात्यानें आपली देणगी कोणत्या भागांत घालावयाची तें सांगावें. पावतीवर तसें लिहिलें जाईल.

आमची विनंती

येणेंप्रमाणें स्थिति असल्यामुळें आम्ही आपणांजवळ मागतों तें असें.

किराणा व धान्याच्या व्यापाऱ्यांस विनंती कीं, ज्वारी, तांदूळ व डाळ यांचा कांहीं सांठा त्यांनीं उसनवारीच्या भागासाठीं खरेदीच्या भावांत द्यावा. आणि ज्या कुटुंबाजवळ काम मागितल्याची तारीखवार पावती आहे, त्यास मजुरी सुरू होईपर्यंत व्याजावांचून उधारी द्यावी. जी मजुरी कामावर मिळेल ती अखेर गांवच्या दुकानांतच येणार आहे. टोळीबरोबर गेलेला मजूर आपली कमाई परगांवच्या दुकानांत टाकतो.

जमीनदारांस विनंती कीं, बांध, नाला किंवा पांदण यांची आंखणी आपल्या शेतांतून जात असेल तर संमति वेळेवर द्यावी, व पांदणीवर झालेलें अतिक्रमण स्वखुषीनें मागें घ्यावें. काम मागणारे पन्नास हात तयार आहेत, पण एका धुऱ्याच्या वादामुळें जागा मोकळी नाहीं, ही स्थिति गांवास शोभत नाहीं. उन्हाळ्यापूर्वींच कामांची यादी मंजूर होऊन राहिली, तर काम मागितल्यावर पंधरा दिवस लागणार नाहींत. आणि वर सांगितलेल्या ३६ दिवसांतून जो दिवस आपण कापाल, तो २ किलो धान्याइतका एका कुटुंबाच्या कामीं येईल.

शिकलेल्या तरुणांस विनंती कीं, त्यांनीं मजुरांचे अर्ज लिहून द्यावे व प्रत्येक अर्जाची तारखेसह पावती घेववावी. पावती नसेल तर काम केव्हां मागितलें हें सिद्ध होत नाहीं, आणि बेकारभत्त्याचा हक्क तेथेंच बुडतो. कागदाचा हा एवढासा चिटोरा मजुराच्या दृष्टीनें जमिनीच्या सातबाऱ्याइतकाच मोलाचा आहे.

इतर दात्यांस विनंती कीं, त्यांनीं धर्मार्थ भागास यथाशक्ति साहाय्य करावें. रोख, धान्य, कामाच्या जागीं सावलीसाठीं ताडपत्री, पाण्याचे रांजण, मुलांसाठीं गूळ-शेंगदाणे, जें देतां येईल तें द्यावें. देणगी लहान आहे म्हणून संकोच करूं नये. ४२ किलोंची तूट भरावयाची असेल तेथें पांच किलोही मोजण्यांत येतात.

कायद्यानें मजुरास हक्क दिला आहे. तो त्याच्या ताटांत पोंचेपर्यंत मध्यें कांहीं दिवस रिकामे राहतात. ते दिवस गांवानें आपले मानावे, एवढेंच आमचें मागणें आहे. सरकारचें काम आम्ही करूं इच्छीत नाहीं व तें आमच्यानें होणारही नाहीं. आपण मदत केली, तर पुढील उन्हाळ्यांत काम उघडेल त्या दिवशीं ज्यानें तें मागितलें तो माणूस गांवांतच असेल.



साहाय्य समितीचे सभासद,
बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ